घरच्या स्टिरिओला किती वॅट लागतात ते नीट छापा

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत सणासुदीच्या खरेदीवर जो लेख आला त्यात म्युझिक सिस्टिम घेताना काय बघावं असा एक चौकोन दिला होता. त्यात छापलंय की छोट्या खोलीसाठी ५०० वॅट आणि हॉलसाठी कमीत कमी १००० वॅटचा ॲम्प्लिफायर घ्यावा. मी ठाण्यात ॲम्प्लिफायर रिपेअरिंगचं काम करतो. तो चौकोन कात्रण काढून माझ्याकडे घेऊन आलेली माणसं मी बघितलीत, चांगला चाललेला सेट काढून मोठा घ्यायचा म्हणतात कारण पेपरात आलंय. पेपरात आलं की लोक खरं मानतात साहेब, म्हणून हे लिहितोय, जरा मोठं झालंय पण थोडक्यात सांगण्यासारखं नाहीये ते.

घरात आपण गाणी ऐकतो तेव्हा ॲम्प्लिफायर बहुतेक वेळ एक वॅटसुद्धा देत नसतो. हे ऐकून लोक माझ्याकडे बघतच राहतात, पण हिशोब अगदी सोपा आहे. प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या कागदावर सेन्सिटिव्हिटी नावाचा आकडा असतो, समजा ८६ डेसिबल. त्याचा अर्थ असा की त्या स्पीकरला एक वॅट दिला आणि एक मीटरवरून मोजलं तर ८६ डेसिबल आवाज येतो. आता आपली खोली घ्या, दहा बाय बाराची, खुर्ची स्पीकरपासून आठेक फुटांवर. मोकळ्या मैदानात एवढ्या अंतरावर सात-आठ डेसिबल कमी झाले असते, पण खोलीत भिंती आहेत, खाली टाईल्स आहेत, त्यातला थोडा आवाज त्या परत देतात, शिवाय स्पीकर दोन आहेत त्याचे तीन डेसिबल वाढतात. सगळं धरून एकेका स्पीकरला एक वॅट दिला की तुमच्या कानाशी ८२ ते ८४ डेसिबल पोचतात. आणि ८३ डेसिबल म्हणजे काय तर शेजारच्या माणसाशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो एवढं. रोज संध्याकाळी आपण जे निवांत ऐकतो ते सरासरी सत्तर-पंच्याहत्तरच्या आसपास असतं, म्हणजे दहा डेसिबल कमी, आणि दहा डेसिबल कमी म्हणजे वॅट दहापट कमी. एका वॅटचा दहावा भाग! तुमचा तो हजार वॅटवाला हॉल यात कुठे बसतो सांगा.

पण म्हणून एक वॅटचा ॲम्प घ्या असं मी म्हणत नाहीये, कारण सरासरी वेगळी आणि ठोका वेगळा. तबला घ्या. गायक शांतपणे आलापी करतोय, मागे तानपुरा चाललाय, आणि मधेच समेवर डग्ग्यावर जोरात थाप पडते, ती थाप सरासरीच्या वर पंधरा-वीस डेसिबल उडी मारते, फक्त क्षणभर, पण त्या क्षणाला ॲम्पकडे तेवढा दम शिल्लक पाहिजे. वीस डेसिबल म्हणजे शंभरपट पॉवर. म्हणजे सरासरी ७३ वर ऐकणाऱ्याला थाप ९३ वर जाते, तिथे दहा वॅट लागतात. आणि कोणी घरात कोणी नसताना दणकून ८० च्या सरासरीने ऐकत असेल तर थाप १०० वर जाते, त्याला एका बाजूला साधारण ५० वॅट लागतात. झालं! ८६ डेसिबलचा स्पीकर, नेहमीची खोली, दणकून ऐकणारा माणूस, ५० वॅट पर चॅनल म्हणजे एका बाजूला, खऱ्या आरएमएसचे म्हणजे सलग देता येणारे, एवढं भरपूर आहे. हल्लीची फिल्मी गाणी तर रेकॉर्डिंगमधेच इतकी दाबलेली असतात की सरासरी आणि ठोका यात आठ-दहा डेसिबलचाच फरक उरतो, ती त्याच आवाजाला तीन ते पाच वॅटमधे वाजतात.

आता दुसरी बाजू. ५० चा ॲम्प काढून १०० चा आणला तर आवाज डबल होईल असं सगळ्यांना वाटतं. होत नाही. पॉवर डबल केली की तीन डेसिबल वाढतात, कानाला जेमतेम कळतं की हां, थोडं वाढलंय. आवाज दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल लागतात म्हणजे ५० चे ५०० वॅट करावे लागतील, आणि बऱ्याच घरगुती स्पीकरचा वुफर, म्हणजे बेसचा मोठा कोन, त्याच्या कितीतरी आधी मरेल. उलट स्पीकरच ८६ च्या ऐवजी ८९ डेसिबलचा निवडला तर ॲम्पला हात न लावता पॉवर डबल केल्याचा परिणाम मिळतो, फुकट. त्यामुळे कोणी मला विचारलं की काका किती वॅटचा ॲम्प घेऊ तर मी आधी विचारतो स्पीकर कुठला, कारण त्याच्याशिवाय या प्रश्नाला उत्तरच नाहीये. बीबीसीने १९७० च्या दशकात ओबी व्हॅनसाठी म्हणजे बाहेरून प्रक्षेपण करायच्या गाडीसाठी केलेला तो प्रसिद्ध छोटा एलएस३/५ए स्पीकर ८३ डेसिबलच्या आसपास आहे, आणि अमेरिकेतला क्लिपशहॉर्न, १९४६ पासून चालत आलेला, भिंतीच्या कोपऱ्यात ठेवायचा कपाटाएवढा हॉर्न, तो १०५ च्या आसपास सांगतात. दोघांत बावीस डेसिबलचा फरक. म्हणजे हॉर्नला जिथे एक वॅट पुरतो तिथे त्या छोट्याला दीडशेच्या वर पाहिजेत आणि तेवढे तो सहनही करू शकत नाही. म्हणूनच ३०० बी नावाच्या जुन्या काचेच्या व्हॉल्व्हचे सात-आठ वॅटवाले ॲम्प लोक लाखो रुपये देऊन घेतात आणि हॉर्नवर ते घर भरून वाजतात. तेच ॲम्प त्या छोट्या स्पीकरला लावले तर थाप पडली की दम तुटेल.

आता माझ्या टेबलावर काय येतं ते सांगतो कारण वॅटच्या आकड्याची खरी गोष्ट तिथे उघडते. बाजारातला एक टॉवर सेट आला होता, कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढे हे एवढं मोठं सोनेरी स्टिकर, ८००० वॅट पीएमपीओ, क्षणभराची कमाल पॉवर म्हणून छापतात तो आकडा. मागचं झाकण काढलं तर आत एक ट्रान्सफॉर्मर, त्यावर छापलेलं १२-०-१२, ३ अँपिअर. २४ व्होल्ट गुणिले ३ म्हणजे ७२, म्हणजे तो ट्रान्सफॉर्मर सगळ्याला मिळून फार तर सत्तरेक वॅट देणार, त्यातले काही उष्णतेत जाणार, उरलेले दोन चॅनल आणि वुफर यांनी वाटून घ्यायचे. आणि मागच्या प्लेटवर कंपनीनेच बारीक अक्षरात लिहिलं होतं २३० व्होल्ट, ६० वॅट. भिंतीतल्या प्लगमधून ६० वॅट घेणारी वस्तू ८००० वॅट देते हे कुठल्या शाळेत शिकवतात? दुकानात उभं असताना कोणीही हे करू शकतो, सेट फिरवायचा आणि पॉवर कन्झम्प्शन वाचायचं, त्याच्या निम्मे धरले तरी साधारण अंदाज येतो. गिऱ्हाईकाला मी ती प्लेट दाखवली तेव्हा त्याचा चेहरा पडला, त्याने हप्त्यावर घेतला होता तो सेट.

पीएमपीओला कुठलंच प्रमाण नाही, कोण कसा मोजतो ते त्याचं त्याला माहिती, वाटेल तो आकडा छापता येतो. अमेरिकेत हीच बोंब झाली होती, १९७० च्या आसपास तिथेही कंपन्या मनाला येईल ते वॅट छापायच्या, मग १९७४ साली त्यांच्या फेडरल ट्रेड कमिशनने नियमच केला की घरगुती ॲम्प्लिफायरची पॉवर सांगायची तर सलग मिळणारी सांगा, किती ओहमवर म्हणजे स्पीकरच्या किती रोधावर, कुठल्या फ्रीक्वेन्सीपासून कुठपर्यंत आणि किती डिस्टॉर्शनला म्हणजे आवाज किती टक्के बिघडलेला असताना ते सोबत लिहा. तो नियम २०२४ मधे परत कडक केला, आता ८ ओहम, २० ते २०,००० हर्ट्झ आणि डिस्टॉर्शन एक टक्क्याच्या आत अशी मोजणी ठरवून दिलीय. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, त्यात फसव्या जाहिरातीला शिक्षा आहे, पण स्टिकरवर पीएमपीओ अजून खुशाल चालू आहे आणि तुमच्या पानावरच्या जाहिरातींतही चालू आहे.

एक चाल सध्या नवीन आलीय ती पण सांगतो कारण तरुण मुलं यात फसतात. ऑनलाईन ते छोटे क्लास डी चे म्हणजे स्विचिंग पद्धतीचे ॲम्प मिळतात, हाताच्या पंजाएवढे, वाईट नसतात हां, उलट क्लास डी मधे ऐंशी-नव्वद टक्के पॉवर स्पीकरला जाते त्यामुळे तापत नाहीत आणि पैशाच्या मानाने आवाज छान देतात, मी स्वतः लोकांना सुचवतो. पण डब्यावर लिहिलेलं असतं १०० वॅट + १०० वॅट आणि सोबत ॲडाप्टर दिलेला असतो १२ व्होल्ट २ अँपिअरचा. बारा गुणिले दोन चोवीस. चोवीस वॅट आत जातायत आणि दोनशे बाहेर कसे येणार? १२ व्होल्टवर तो ॲम्प ८ ओहमच्या स्पीकरला फार तर ९ वॅट देतो, त्याच्या वर गेलं की आवाज फाटतो. तोच ॲम्प २४ व्होल्टवर चालणारा असेल आणि तसा ॲडाप्टर लावला तर ३६ वॅटपर्यंत जातो, ४ ओहमला डबल, पण मग ॲडाप्टरही तेवढ्या अँपिअरचा पाहिजे. बरं ते डब्यावरचे वॅट पण बरेचदा १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेले असतात, तिथे आवाज फाटून गेलेला असतो, एक टक्क्याला मोजलं तर आकडा पाव भागाने तरी खाली येतो. आणि जुन्या पद्धतीचे लोकल बोर्ड, ते ४४४० आयसीवाले, पुण्याच्या तपकीर गल्लीत आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला पोरं प्रोजेक्टला घेतात ते, त्या आयसीच्या डेटाशीटमधे स्वच्छ लिहिलंय की स्टिरिओत ६-६ वॅट आणि ब्रिज केला म्हणजे दोन्ही चॅनल जोडून एक केला तर १९. आणि गंमत नाही, खरंच सांगतो, ८८-९० डेसिबलच्या स्पीकरवर ते सहा वॅट खोलीला पुरतात.

लोकांची सगळ्यात जास्त तक्रार असते की आवाज कमी पडतो. एक काकू आल्या होत्या, म्हणाल्या दादा ॲम्प वीक झालाय, मोठा करून द्या, नॉब पूर्ण फिरवला तरी अभंग नीट ऐकू येत नाही. ॲम्प टेस्ट केला, चाळीस-चाळीस वॅट व्यवस्थित देत होता. त्या गाणी लावत होत्या जुन्या मोबाईलवरून, ऑक्सची वायर लावून, आणि मोबाईलचा आवाज अर्ध्यावर. सीडी प्लेयर किंवा चांगला डॅक, म्हणजे डिजिटल गाण्याचा सिग्नल करून देणारी डबी, दोन व्होल्ट सोडतो, मोबाईलचा जॅक त्याच्या निम्मे किंवा त्याहून कमी. मागून सिग्नलच येत नसेल तर ॲम्प हजार वॅटचा असला तरी काय करणार. व्हॉल्यूमचा नॉब म्हणजे नळ आहे, तो किती उघडलाय ते दाखवतो, टाकीत किती पाणी आहे ते नाही. काही ॲम्प अर्ध्या नॉबवरच पूर्ण पॉवर देऊन मोकळे होतात, काही पूर्ण फिरवल्यावर सुद्धा देत नाहीत, सगळं मागच्या सिग्नलवर अवलंबून. काकूंना मोबाईलचा आवाज पूर्ण ठेवायला सांगितला, कमीजास्त ॲम्पवरून करा म्हटलं, प्रश्न मिटला आणि त्यांचे पैसेही वाचले.

ज्याला आपल्या घरात नक्की किती वॅट लागतात ते मोजायचंय त्याने हे करावं, साधा मल्टिमीटर पुरतो. तुम्ही जेवढ्या मोठ्याने कधी ऐकत असाल तेवढा आवाज लावा आणि नॉबला हात लावू नका. मग गाणं बंद करून १०० हर्ट्झचा सलग टोन लावा, जो उणे १२ डेसिबल लेव्हलवर रेकॉर्ड केलेला आहे, अशा फाईल इंटरनेटवर फुकट मिळतात किंवा मोबाईलच्या टोन जनरेटरवर करता येतात. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून स्पीकरच्या लाल आणि काळ्या टर्मिनलवर धरा, दोन्ही टोकं तिथेच, काळी वायर दुसरीकडे कुठे अर्थला लावायची नाही. समजा २ व्होल्ट आले. त्याला चारने गुणा, आठ व्होल्ट, रेकॉर्डिंगमधला मोठ्यात मोठा आवाज आला तर ॲम्पला एवढे द्यावे लागतील. आठचा वर्ग चौसष्ट, भागिले स्पीकरचे ८ ओहम, ८ वॅट. हा टोन दहा सेकंदांपेक्षा जास्त वाजवू नका, स्पीकरला सलग टोन आवडत नाही. मी ज्यांच्या घरी हे करून बघितलंय तिथे बहुतेकांचा आकडा वीस वॅटच्या खालीच आला, हॉलमधे सुद्धा.

मोठा ॲम्प कधीच लागत नाही असंही नाही. स्पीकर ८३-८४ डेसिबलचा असेल, हॉल वीस बाय तीसचा असेल आणि बसायची जागा लांब असेल, स्पीकर ४ ओहमचा असेल आणि त्याचा इम्पीडन्स म्हणजे ओहमचा आकडा मधेच तीनच्या खाली जात असेल तर शंभर-दीडशे वॅटचा दणकट पॉवर सप्लायवाला ॲम्प घ्यावाच. ४ ओहमच्या स्पीकरच्या कागदाकडे जरा नीट बघा, सेन्सिटिव्हिटी २.८३ व्होल्टवर मोजलेली असेल तर त्यात ४ ओहमला एक नाही दोन वॅट गेलेले असतात, म्हणजे लिहिलेल्यातून तीन डेसिबल वजा करा. आणि बेसचा नॉब! ज्यांना बेस पूर्ण फिरवायची सवय आहे त्यांनी लक्षात घ्या की बेस दहा डेसिबल वाढवला की त्या भागात ॲम्पला दहापट पॉवर द्यावी लागते, जळलेले वुफर आणि ट्वीटर (बारीक आवाजाचे छोटे स्पीकर) माझ्याकडे सगळ्यात जास्त याच घरांतून येतात. त्यांना वेगळा सबवुफर घेणं जास्त बरं पडतं.

ट्वीटर जळतो तो जास्त वॅटच्या ॲम्पने असं लोक समजतात, पण बरेचदा तो छोटा ॲम्प त्याच्या ताकदीबाहेर वाजवल्याने जळतो. ॲम्पची मर्यादा आली की लाटेचा माथा कापला जातो, क्लिपिंग म्हणतात त्याला, आणि त्या कापलेल्या लाटेत वरच्या फ्रीक्वेन्सी तयार होतात, सरासरी पॉवर वाढते आणि त्यातला वरच्या फ्रीक्वेन्सीचा वाटा ट्वीटरच्या त्या केसासारख्या बारीक कॉईलवर येऊन पडतो. जळलेला ट्वीटर उघडला की कॉईल काळी पडलेली दिसते, वास येतो वार्निशचा. म्हणून स्पीकरवर ४० वॅट लिहिलंय म्हणून ६० चा ॲम्प लावायचाच नाही असं काही नाही, फाटल्यासारखा कर्कश आवाज आला की नॉब खाली आणायचा एवढं भान ठेवलं की ६० चा ॲम्प तिथे जास्त सेफ आहे. स्पीकरवरचा आकडा तो किती सोसू शकतो तो आहे, त्याला किती लागतात तो नाही. हे कोणी दुकानदार सांगत नाही आणि तुमच्या लेखातही नव्हतं.

मांडवातल्या आणि मिरवणुकीतल्या सिस्टिमवरून घरचा हिशोब करू नये, तिथे उघड्यावर शेकडो माणसांपर्यंत आवाज पोचवायचा असतो. रहिवासी भागात बाहेरच्या परिसरातल्या आवाजाला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. कान पण आपलेच आहेत, ८५ डेसिबलवर रोज आठ तास म्हणजे कानाला धोका हे जगभर मानतात.

साहेब, माझी विनंती एवढीच आहे की तो चौकोन दुरुस्त करून परत छापा आणि आधी छापला होता तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. त्यात ५०० आणि १००० च्या ऐवजी हे द्या की ८६-८८ डेसिबलचे स्पीकर आणि नेहमीची खोली असेल तर ३० ते ५० वॅट पर चॅनल आरएमएस, स्पीकर ८३ चा असेल तर शंभर, ९० च्या वरचा असेल तर वीस पण चालतात. आणि राहिलेले पैसे स्पीकरवर घाला असं लिहा, आवाजाचा दर्जा नव्वद टक्के तिथे ठरतो असं माझं एवढ्या वर्षांचं मत आहे. दुसरं म्हणजे तुमच्या जाहिरात विभागाला सांगा की म्युझिक सिस्टिमची जाहिरात घेताना पर चॅनल आरएमएस वॅट, किती ओहमवर, किती टक्के डिस्टॉर्शनला आणि दोन्ही चॅनल एकदम चालू असताना का, एवढं विचारून घ्या आणि छापा. पीएमपीओ लिहिलेली जाहिरात घेऊच नका. दिवाळीचा बोनस हातात येतो तेव्हा लोक हीच पानं बघून दुकानात जातात.

कळावे, लोभ असावा.

आपला एक वाचक,
ॲम्प्लिफायर रिपेअरिंग कारागीर, ठाणे